सर्वानुमते बिनविषारी

सापांवरचं एक अख्खं पुस्तक मी तीनदा वाचलंय. ही फुशारकी नाही. झाल्या प्रकारात माझा दोष किती आणि बाकीच्यांचा किती, याची वाटणी नीट व्हावी म्हणून आधीच सांगून ठेवतो. आमच्या सोसायटीने ही वाटणी केली तेव्हा सगळाच दोष माझ्या पदरात टाकला आणि वर सही घेतली.

मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. दहावीनंतर शाळेने मला सोडलं, मीही तिला सोडलं. पुढचं सगळं शिक्षण दुसऱ्यांच्या चुका काढता काढता झालं. एकोणीस वर्षांत मधमाश्यांपासून मूळव्याधीपर्यंत जगातल्या यच्चयावत विषयांवर मी वाचलंय, तेही लाल पेन हातात घेऊन, म्हणजे लेखकापेक्षा जास्त लक्ष देऊन. गेल्या वर्षी आमच्याकडे परिसरातले साप कसे ओळखावेत याची पुस्तिका आली. खिशात मावणारी, असं वर छापलं होतं. कोणाच्या खिशात ते छापलं नव्हतं. लेखक मोठे अभ्यासक. पण 'दंश झाल्यास रुग्णास त्वरित दवाखान्यात न्यावे' यातला 'त्वरित' त्यांनी गाळला होता. तो मी घातला. रुग्णाला सावकाश नेण्याची सोय मी बंद केली, याबद्दल प्रस्तावनेत माझ्यासाठी अर्धी ओळसुद्धा नाही. असो.

तर एका सोमवारी आमच्या इमारतीला पाणी आलं नाही. चोवीस घरांच्या चोवीस बादल्या जिन्यात वाजायला लागल्या. खाली जाऊन बघतो तर पंपाच्या खोलीबाहेर आमचे पंपमामा पायरीवर पाय वर घेऊन बसलेले. पंपमामा म्हणजे आमच्या इमारतीचा पंप चालू-बंद करणारा म्हातारा माणूस. सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला येतो, तीन व्हॉल्व्ह फिरवतो, जातो. अकरा वर्षांत त्याने एक खाडा केलेला नाही. या कामावर त्याचं आणि त्याच्या आजारी बायकोचं घर चालतं.

"साप आहे आत," मामा म्हणाले. "काळा. पट्ट्यापट्ट्यांचा. मी नाही जाणार."

सेक्रेटरी आले. आमचे सेक्रेटरी निवृत्त नोंदणी अधिकारी. आयुष्यभर दुसऱ्यांचे जन्म-मृत्यू नोंदवल्यामुळे नोंद झाली म्हणजे घटना घडली, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. ते म्हणाले, "मामा, साप विषारी असेल तर सोसायटी बघेल. बिनविषारी असेल तर तुम्ही बघा. नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल."

"पण विषारी का बिनविषारी ते कोण ठरवणार?" मामांनी विचारलं. अख्ख्या इमारतीत त्या दिवशी विचारला गेलेला हा एकमेव शहाणपणाचा प्रश्न.

आणि इथे समोरच्या वहिनींनी माझं वाटोळं केलं. "अहो, हे सापांचं पुस्तक लिहितात ना!"

"लिहीत नाही, तपासतो," मी म्हणालो.

"तेच ते."

ते तेच नव्हतं. पण बादल्या घेतलेली एवढी माणसं एकदम आपल्याकडे आदराने बघायला लागली की बारकावे कोण सांगत बसतो? एकोणीस वर्षांत माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. छापखान्यात माझ्याकडे बघतात ते फक्त चूक राहिली तर.

मी टॉर्च घेतला. पंपाच्या खोलीतला दिवा चार महिन्यांपासून गेलेला. तो बदलण्याचा प्रस्ताव समितीपुढे विचाराधीन आहे. उंबऱ्यावर उभा राहिलो. ओलसर फरशी, भिंतीवर पंपाचा स्टार्टर, खाली मोटरचा चौथरा, आणि चौथरा व भिंत यांच्या फटीत दीड हात साप. दीड हात म्हणजे दिसत होता तेवढा. दोन्ही टोकं आत. मधला भाग आमच्यासाठी बाहेर. काळसर अंग, पांढरे आडवे पट्टे; एका बाजूला ठळक, दुसऱ्या बाजूला फिके होत गेलेले. मी मोबाइलवर फोटो काढला आणि त्याच क्षणी पुस्तकातलं वाक्य मला जसंच्या तसं आठवलं: कवड्या, बिनविषारी; पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे फिके होत जातात. त्यातल्या अर्धविरामासह आठवलं, कारण तो अर्धविराम माझा.

"कवड्या," मी जाहीर केलं. "पूर्ण बिनविषारी. पाली खातो. उलट उपकारच करतो."

मागे एकदम सुटकेचा आवाज झाला. तिसऱ्या मजल्यावरचे ड्रॉइंगमास्तर म्हणाले, "वा! याला म्हणतात व्यासंग." मी मान थोडी खाली घातली. व्यासंगी माणसं अशीच घालत असावीत.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती आमची सोसायटी कसली. सेक्रेटरींनी जिन्यातच तातडीची सभा भरवली, पायरीवर रजिस्टर उघडलं आणि ठराव लिहिला: 'पंपाच्या खोलीत आढळलेला साप हा कवड्या जातीचा असून बिनविषारी आहे. सूचक: पहिल्या मजल्यावरील मुद्रिततपासनीस. अनुमोदक: समोरच्या वहिनी. ठराव सर्वानुमते मंजूर.' हात वर झाले. एकवीस घरांचे हात. सापाची जात हात वर करून ठरल्याचं जगातलं हे पहिलंच उदाहरण असावं, आणि सूचक म्हणून मी त्यात आहे.

मामांनी मात्र हात वर केला नाही. त्यांना मत नव्हतं. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, नक्की ना?"

"मामा, मी ते पुस्तक तीनदा वाचलंय."

"मग झालं तर," म्हणाले, आणि रबरी चपलांनिशी आत गेले. पाणी आलं. समोरच्या वहिनींनी गॅलरीतून माझ्याकडे बघून हात हलवला.

मंगळवारी संध्याकाळी मी लवकर घरी आलो. बायको शिवणाच्या मशीनवर होती. ती ब्लाऊज आणि शर्ट शिवते आणि पट्ट्यापट्ट्यांच्या कापडावर तिच्यासारखा हात या भागात कोणाचा नाही. डाव्या बाहीचा पट्टा उजव्या बाहीच्या पट्ट्याशी जुळला नाही तर ती रात्री जेवत नाही. मी चहा घेता घेता तिला मोबाइलवर सापाचा फोटो दाखवला. कौतुकासाठी. दुसरं काय?

तिने फोटो मोठा केला. चष्मा वर ढकलला. "हा उलटा बघितलात तुम्ही."

"म्हणजे?"

"पट्टे दाट कुठे आहेत? इकडे. तुम्ही म्हणता ही मान. पण इकडेच अंग निमुळतं होतंय बघा. निमुळती शेपूट असते की मान?"

"तुला सापातलं काय कळतं?"

"सापातलं नाही कळत. वरची बाजू कोणती, खालची कोणती, एवढं कळतं. त्याच्यावरच घरातली भाजी येते. पुस्तक कुठाय तुमचं?"

पुस्तक कपाटात होतं. लेखकाने भेट दिलेली प्रत, वरचा पारदर्शक कागदही न काढलेली. तीनदा वाचलेलं पुस्तक परत कशाला उघडायचं?

उघडलं. आणि आता मला जे सांगायचंय ते सांगताना अजूनही माझे कान गरम होतात. त्या पुस्तकात चित्रं होती. रंगीत, चकचकीत कागदावर, पानभर. ती मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. कारण चित्रांचा भाग दुसऱ्या छापखान्यात छापून आला आणि बांधणीत मध्ये घातला गेला. माझ्या मुद्रितांत त्या जागी फक्त रिकाम्या चौकटी होत्या आणि आत लिहिलेलं: 'चित्र ४२ येथे'. 'चित्र ४३ येथे'. त्या चौकटींचे आकडे मी तपासले. बेचाळीसनंतर त्रेचाळीसच येतंय ना, ते बघितलं. साप ओळखण्याचं पुस्तक मी तीनदा वाचलं ते एकही साप न बघता! छापखान्याच्या मालकाला, चित्रकाराला, बांधणीवाल्याला, कोणालाच कधी वाटलं नाही की या माणसाला निदान एक तरी साप दाखवावा. आणि हे लोक ज्ञानप्रसाराच्या गप्पा मारतात.

चित्र त्रेचाळीस. काळसर अंग, पांढरे पट्टे; शेपटीकडे ठळक, डोक्याकडे विरळ होत नाहीसे. पाठीच्या मधोमध मोठ्या, षटकोनी खवल्यांची एक रांग. फोटोत ती रांग फरशी बसवल्यासारखी स्वच्छ दिसत होती. खाली नाव: मण्यार. अत्यंत विषारी. त्याच्याखाली माझं वाक्य: रुग्णास त्वरित दवाखान्यात न्यावे.

"किती वाजले?" मी विचारलं.

"पाच सत्तावीस," बायको म्हणाली, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

मी जिना कसा उतरलो ते मला माहीत नाही. बनियनवर होतो आणि एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात बायकोची, एवढं नंतर वहिनींकडून कळलं. पंपाच्या खोलीपाशी पोचलो तेव्हा मामांचा हात कडीवर होता.

"मामा! थांबा! आत जाऊ नका!"

"का हो साहेब?"

"तो कवड्या नाही. मण्यार आहे. विषारी आहे. माझी चूक झाली."

मामांनी कडीवरचा हात काढला नाही. मग म्हणाले, "आज सकाळी तो माझ्या पायावरून गेला, साहेब. व्हॉल्व्ह फिरवत होतो. गार लागलं. म्हटलं, साहेबांनी सांगितलंय. हललो नाही."

मी पायरीवर बसलो.

तिथून उठलो तो थेट सेक्रेटरींच्या दारात. सगळं सांगितलं. फोटो दाखवला, पुस्तक दाखवलं, चित्र दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रजिस्टर काढलं.

"ठराव झालाय," ते म्हणाले.

"ठराव चुकलाय."

"ठराव चुकत नसतो. फार तर त्याचा फेरविचार होतो. त्याला चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि नवीन माहितीचा पुरावा लागतो. सक्षम अधिकाऱ्याचा."

"अहो, तोपर्यंत आत कोण जाणार?"

"मामा जातील. रेकॉर्डप्रमाणे साप बिनविषारी आहे."

"आणि चावला तर?"

"ते रेकॉर्डच्या बाहेरचं झालं," सेक्रेटरी म्हणाले. आणि मग, आवाज खाली आणून, "इमारतीत विषारी साप, असं एकदा लेखी आलं की नाव जातं हो. कोण राहायला येणार इथे?"

मी खूप बोललो. त्यातलं काही इथे छापण्यासारखं नाही आणि उरलेलं त्यांना कळलं नाही.

मामा आत गेले नाहीत. सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली: 'बिनविषारी सापाचे निमित्त करून काम नाकारणे.' दुसरा माणूस बघायलाही सुरुवात केली. मग मी आणि मामांनी मिळून एक युक्ती काढली. आमच्याकडे कपडे वाळत घालायचा लांब बांबू आहे. मामा उंबऱ्याबाहेरून टॉर्च धरायचे आणि मी बांबूच्या टोकाने भिंतीवरचं हिरवं बटण दाबायचो. पहिल्या दिवशी सतरा वेळा चुकलं, स्टार्टरवरची काच फुटली, पण पंप सुरू झाला. व्हॉल्व्ह मात्र बांबूने फिरत नाहीत. त्यामुळे पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंतच चढायचं आणि तिसऱ्या मजल्याचे ड्रॉइंगमास्तर, ज्यांनी माझा व्यासंग काढला होता, ते आता वरून माझी अक्कल काढायला लागले.

सल्ले तर विचारूच नका. वहिनी म्हणाल्या फिनाईल ओता. एकजण म्हणाला आरसा ठेवा, साप स्वतःला बघून जातो. (मी स्वतःला रोज बघतो, कुठे गेलो?) ड्रॉइंगमास्तर म्हणाले, "तुम्ही आधी बिनविषारी म्हणालात, आता विषारी म्हणता. उद्या काय, मासा म्हणाल?" आणि हे मला ऐकून घ्यावं लागलं, कारण पहिलं वाक्य खरं होतं.

सक्षम अधिकाऱ्याचा पुरावा हवा म्हणून मी रजा टाकून वन्यजीव कार्यालयात गेलो. तिथे दोन खिडक्या. एकीवर 'विषारी', दुसरीवर 'बिनविषारी'. मी विषारीपुढे उभा राहिलो.

"ओळखपत्र?" खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

मी माझं दिलं.

"तुमचं नाही. सापाचं. ओळख पटल्याचा दाखला."

"तोच तर घ्यायला आलोय."

"तो बिनविषारीच्या खिडकीवर मिळतो. पण तिकडे फक्त बिनविषारींचा मिळतो."

"मग विषारी सापाने काय करायचं?"

बाईंनी पहिल्यांदाच वर बघितलं. "ओळख पटवणारे साहेब रजेवर आहेत. अर्ज ठेवून जा." अर्जात सहावा रकाना होता: 'साप अर्जदाराच्या मालकीचा आहे काय? असल्यास केव्हापासून?' मी तिथे 'नाही' लिहिलं. बाईंनी अर्ज परत केला. "मालकीचा नाही तर तुमचा संबंध काय?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते रकान्यात मावणारं नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाच्या पायावरून तो साप गेला आणि माझ्या शब्दावर तो माणूस हलला नाही, हा माझा संबंध. मी अर्ज खिडकीवरच फाडला. दारावरच्या शिपायाला बहुधा माझी दया आली असावी. त्याने एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. "साप पकडणाऱ्या ताई आहेत. इकडे येतच नका जाऊ, त्यांनाच फोन करत जा."

ताई शनिवारी दुपारी आल्या. एरवी त्या एका दातांच्या दवाखान्यात कामाला असतात. जेवणाच्या सुट्टीत आल्या होत्या. हातात आकडा लावलेली काठी, झाकणाला भोकं पाडलेली मोठी बरणी, आणि आवाजात तो दातवाल्यांचा गोडवा, जो ऐकला की माणूस घाबरतो. सगळी इमारत जिन्यात. सेक्रेटरी रजिस्टरसह.

ताई आत गेल्या. आतून आवाज आला, "हं, ये, ये, झालं हं, झालं." सहा मिनिटांत बाहेर. बरणीत साप, पूर्ण, दोन्ही टोकांसह.

"मण्यार," ताई म्हणाल्या. "पूर्ण वाढलेली. कोण जात होतं आत?"

मामांनी हळूच हात वर केला.

"अनवाणी?"

"चपला होत्या," मामा म्हणाले.

ताईंनी वाकून मामांच्या चपला बघितल्या.

"पण ठरावात कवड्या आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"मग ठराव वाचून दाखवा तिला," ताईंनी बरणी त्यांच्यापुढे धरली. सेक्रेटरी तीन पायऱ्या मागे गेले, पण रजिस्टर सोडलं नाही.

मला वाटलं, संपलं. मी मूर्ख. रविवारच्या सभेत सेक्रेटरींनी इतिवृत्त वाचलं: 'शनिवारी पंपाच्या खोलीतून एक मण्यार पकडण्यात आली. हा साप सोमवारच्या ठरावातील सापाहून भिन्न आहे. ठरावातील कवड्या अद्याप खोलीतच असून तो बिनविषारी असल्यामुळे पंपचालकाने काम नाकारण्यास कारण नव्हते. सबब नोटीस कायम. एक तारखेपासून नवीन माणूस.'

म्हणजे साप दोन झाले. एक बरणीतला, एक रजिस्टरातला, आणि मामांची नोकरी रजिस्टरातल्याने खाल्ली.

"अहो, साप एकच होता!" मी ओरडलो.

"पुरावा?"

"मीच पुरावा! मी चुकलो! सोमवारी मी त्यालाच कवड्या म्हणालो!"

सेक्रेटरींनी पेन उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सहानुभूती दिसली. "हे लेखी देता? मग ठरावाचा पायाच जातो. नोटीस रद्द करता येईल."

मी कागद घेतला. 'माझ्याकडून अनवधानाने' असं लिहायला सुरुवात केली.

"अनवधानाने नाही चालणार," ते म्हणाले. "अनवधान म्हटलं की समितीने का नाही तपासलं, असा प्रश्न येतो. 'अज्ञानामुळे' लिहा."

"मी अज्ञानी नाही. मी पुस्तक तीनदा..."

थांबलो. कोपऱ्यात मामा उभे होते. सभेत त्यांना बसायला कोणी सांगितलं नव्हतं. ते माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होते, काही न मागता.

एकोणीस वर्षं मी लोकांच्या चुकांखाली लाल रेघ मारली. त्या दिवशी निळ्या पेनाने लिहिलं: 'सदर साप ओळखताना मी माझ्या अज्ञानामुळे व विषयाची काहीही माहिती नसताना चुकीचे विधान केले. समितीचा यात दोष नाही.' 'विषयाची काहीही माहिती नसताना' हे सेक्रेटरींनी घालायला लावलं. शेवटचं वाक्यही त्यांचंच. सही माझी. नोटीस तिथल्या तिथे रद्द झाली आणि बाकी सगळे 'बरं झालं मिटलं' म्हणत टीव्ही बघायला गेले. एकालाही आपण हात वर केला होता, हे आठवलं नाही.

सोमवारी कामाला निघालो तर तो कागद खाली फलकावर, सोसायटीच्या शिक्क्यासह, चारही कोपऱ्यांत टाचण्या मारून लावलेला. मी तो उपटायलाच पुढे झालो. पण फलकापुढे मामा उभे होते, आणि त्यांच्या शेजारी दूधवाला. मामांना वाचायला वेळ लागतो. एकेका शब्दावर बोट ठेवून ते त्याला वाचून दाखवत होते. 'काहीही माहिती नसताना'पर्यंत आले, थांबले, आणि छाती काढून दूधवाल्याला म्हणाले, "आपले पहिल्या मजल्यावरचे साहेब आहेत. स्वतः लिहून दिलंय. तुझ्याकडे देतं का कोणी?"

"छे," दूधवाला म्हणाला.

मी मागच्या दाराने बाहेर पडलो.